एस्पोझितो : एका आडनावाची कहाणी

दरवर्षी जून महिना उजाडला की आम्हा शिक्षकांच्या टेबलावर एक जाडजूड वही येऊन पडते. तिला आम्ही जनरल रजिस्टर म्हणतो. नव्याने दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद तिच्यात करायची असते. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ असे रकाने आखलेले असतात आणि ते भरताना आपण फार मोठे काम करीत आहोत असे काही आम्हाला वाटत नाही. मलाही वाटत नसे. काही वर्षांपूर्वी पाचवीत नव्याने आलेल्या एका मुलाला मी भर वर्गात विचारले, "बेटा, वडिलांचे पूर्ण नाव सांग." मुलगा उभा राहिला आणि खाली पाहत राहिला. मी पुन्हा विचारले. मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसले. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला नाही, तिसऱ्या दिवशीही आला नाही. चौथ्या दिवशी त्याची नानी त्याला हाताला धरून घेऊन आली. दाराशीच उभी राहून ती मला म्हणाली, "सर, त्याला मी वाढवलंय. जे विचारायचं ते मला विचारा. पोराला चारचौघांत कशाला विचारता?"

मी काय उत्तर देणार? माझी चूक होती. ती मी कबूल केली. पण त्या दिवसापासून रजिस्टरातला तो रिकामा रकाना माझ्या मनातून गेला नाही.

पुढे एकदा एका हितचिंतकांनी भेट दिलेली पुस्तके कपाटात लावण्याचे काम चालू होते. नववीचे दोन विद्यार्थी मदतीला होते. त्यांतल्या एकाच्या हाती 'इस्लाम : द स्ट्रेट पाथ' हे १९८८ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक आले. लेखकाचे नाव जॉन एल. एस्पोझितो. त्याने विचारले, "सर, हे एस्पोझितो म्हणजे काय? गावाचं नाव की धंद्याचं?"

प्रश्न मोठा चांगला होता. आपल्याकडे आडनाव ऐकले की माणसाचे मूळ थोडेफार कळते. चिपळूणकर म्हटले की गाव कळते. अत्तार, मणियार, तांबोळी, बागवान म्हटले की पूर्वजांचा व्यवसाय कळतो. काझी, मुजावर, इनामदार म्हटले की मान किंवा वतन कळते. मग एस्पोझितो म्हणजे काय? मला उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून मी शोधू लागलो. जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे, कारण त्या उत्तराचा माझ्या रिकाम्या रकान्याशी फार जवळचा संबंध निघाला.

एस्पोझितो हे गावाचे नाव नव्हे, धंद्याचेही नव्हे. लॅटिन भाषेत 'एक्स्पोझितुस' असा शब्द आहे. त्याचा अर्थ बाहेर ठेवलेला, उघड्यावर टाकलेला. ज्या तान्ह्या मुलाला आईबापांनी सोडून दिले आणि ज्याच्या कुळाचा पत्ता नाही, अशा मुलाच्या नावापुढे दक्षिण इटलीत हे आडनाव लिहीत. म्हणजे वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा असला की त्या मुलाला हा शब्द मिळे आणि जन्मभर त्याच्याबरोबर चाले. हे आडनाव आज इटलीत सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांत मोडते. नेपल्स शहरात तर पावलोपावली एस्पोझितो भेटतात.

भिंतीतले चाक

नेपल्स हे दक्षिण इटलीतले समुद्रकाठचे मोठे बंदर. वेसुव्हियस हा ज्वालामुखी पर्वत शहरातून सतत डोळ्यांसमोर दिसतो. या शहराच्या जुन्या भागात 'सांता कासा देल्लानुन्झियाता' नावाची एक धर्मादाय संस्था होती. तिची सुरुवात चौदाव्या शतकातली. तिच्याकडे चर्च होते, रुग्णालय होते आणि सोडून दिलेल्या मुलांसाठी आश्रम होता. या आश्रमाच्या रस्त्याकडील भिंतीत एक झरोका होता. झरोक्याच्या आत लाकडाचे एक पोकळ पिंप उभे बसवलेले असे. ते एका बाजूने उघडे असे आणि आपल्या आसाभोवती गोल फिरे. याला इटालियन भाषेत 'रुओता' म्हणजे चाक म्हणत.

रात्रीच्या अंधारात कोणी बाई, कोणी दाई किंवा कोणी बाप तेथे येई. दुपट्यात गुंडाळलेले मूल पिंपात ठेवी, पिंप फिरवी आणि घंटा वाजवून निघून जाई. आतल्या बाजूला रात्रंदिवस कोणीतरी जागे असे. घंटा ऐकून ती बाई मूल उचलून घेई. बाहेरच्याला आतले दिसत नसे आणि आतल्याला बाहेरचे दिसत नसे. दोघांमध्ये फक्त एक भिंत आणि ते फिरणारे पिंप.

आत आलेल्या मुलाची नोंद वहीत होई. कोणत्या दिवशी आले, किती वेळाचे आहे, अंगावर काय कपडे आहेत, बरोबर काही चिठ्ठी आहे का, हे सर्व लिहून ठेवीत. मुलाच्या गळ्यात शिशाचा एक बिल्ला बांधीत. मग नाव ठेवीत आणि नावापुढे लिहीत, एस्पोझितो. सतराव्या शतकापासूनच्या या वह्या नेपल्समध्ये जपून ठेवलेल्या आहेत. आमच्या जनरल रजिस्टरासारख्याच त्याही वह्या. फरक इतकाच की त्यांतल्या पानापानावर एकच आडनाव.

आज आपल्याला हे चाक क्रूर वाटेल. पण त्यामागचा हेतू मुलांचा जीव वाचवण्याचा होता, हे विसरून चालणार नाही. रोम शहराबद्दल अशी कथा सांगितली जाते की, कोळ्यांच्या जाळ्यात नदीतून तान्ह्या मुलांची प्रेते येऊ लागली, तेव्हा पोप तिसरे इनोसंट यांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस तेथील सांतो स्पिरितो रुग्णालयात अशी मुले स्वीकारण्याची सोय केली. कथा खरी असो वा नसो, तिच्यातले दुःख खरे आहे. जे मूल नदीत जायचे, ते निदान चाकात जावे, एवढीच त्या काळाची दया होती.

मुले का सोडली जात?

आपण म्हणाल, ही सगळी लग्नाशिवाय झालेली मुले असणार. अनेक तशी होती. त्या काळच्या इटलीत कुमारी मातेला समाजात उभे राहायला जागा नव्हती. बापाचा शोध कोणी घेत नसे. पाप सगळे बाईच्या पदरात आणि शिक्षा सगळी मुलाला. पण इतिहासकारांनी जुन्या वह्या तपासल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. मिलान आणि फ्लॉरेन्ससारख्या शहरांत रीतसर लग्न झालेल्या जोडप्यांचीही पुष्कळ मुले चाकात ठेवली गेली होती. कधी दुष्काळ, कधी महागाई, कधी आई आजारी, कधी आईला गिरणीत किंवा दुसऱ्याच्या घरी कामाला जायचे असल्यामुळे मूल पाजायला वेळ नाही, अशी त्याची कारणे. म्हणजे ज्या आडनावाला लोक पापाचे आडनाव समजत, ते पुष्कळदा नुसत्या गरिबीचे आडनाव होते.

आणि या आईबापांना मूल नकोच होते असेही म्हणता येणार नाही. फ्लॉरेन्स येथील आश्रमाच्या संग्रहालयात आज काही वस्तू मांडून ठेवल्या आहेत. अर्धे तोडलेले नाणे, अर्धा कापलेला पदक, मण्याचा तुकडा, रिबिनीचा तुकडा. मुलाला सोडताना आई एक अर्धा भाग त्याच्या दुपट्यात ठेवी आणि दुसरा अर्धा आपल्याजवळ ठेवी. दिवस पालटले की परत यायचे, दोन तुकडे जुळवायचे आणि आपले मूल ओळखून घरी न्यायचे, ही आशा. काही आया खरोखर परत आल्या. ज्या वस्तू संग्रहालयात अर्ध्याच राहिल्या, त्यांच्या आया आल्या नाहीत, किंवा आल्या तेव्हा मूल उरले नव्हते.

मूल उरले नव्हते असे मी म्हणालो, त्याचा खुलासा केला पाहिजे. आश्रमात मुले फार आणि दूध पाजणाऱ्या बाया थोड्या. बाटलीचे सुरक्षित दूध ही फार अलीकडची गोष्ट आहे. म्हणून शक्य तितक्या लवकर मूल खेड्यातल्या एखाद्या दूधआईकडे पाठवीत आणि तिला त्याबद्दल पैसे देत. तरीही यातली बरीच मुले पहिले वर्ष ओलांडत नसत. वाईट वर्षांत अर्ध्याहून अधिक मुले दगावत. जी जगली, त्यांतले मुलगे एखाद्या कारागिराच्या हाताखाली किंवा शेतकऱ्याच्या घरी कामाला लागत. मुली आश्रमात राहून शिवणटिपण शिकत आणि लग्नाच्या वेळी आश्रम त्यांना हुंडा देई.

नेपल्सच्या लोकांबद्दल एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. ते या मुलांना 'मादोन्नाची मुले' म्हणजे मेरीमातेची लेकरे म्हणत. ज्या घरातले तान्हे मूल दगावले असेल, त्या घरची आई अनुन्झियाताला जाऊन एखादे मूल घेऊन येई आणि स्वतःच्या मुलाप्रमाणे वाढवी. कागदावर ते मूल 'टाकलेले' असे आणि गल्लीत मात्र ते कोणाचे तरी असे.

शहर बदलले की नाव बदले

इटली १८६१ पर्यंत एक देश नव्हता. अनेक राज्ये होती आणि प्रत्येक शहराचा कारभार निराळा. त्यामुळे अशा मुलांना आडनाव देण्याच्या रीतीही निराळ्या. विद्यार्थी मित्रांनी नकाशा समोर घेऊन पुढचा भाग वाचावा.

रोममध्ये अशा मुलांना 'प्रोयेत्ती' म्हणत. अर्थ फेकलेले. बोलोन्यात 'देल्यी एस्पोस्ती'. अर्थ नेपल्सचाच. सिसिली बेटावर 'त्रोवातो' म्हणजे सापडलेला. पाहा, वस्तुस्थिती एकच, पण टाकलेला म्हणणे वेगळे आणि सापडलेला म्हणणे वेगळे. पहिल्या शब्दात मुलाच्या पाठीमागचे दार बंद होते, दुसऱ्या शब्दात कोणीतरी पुढे हात करते.

फ्लॉरेन्सने याहून सुंदर शब्द निवडला. तेथील रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ साली खास सोडलेल्या मुलांसाठी एक आश्रम बांधायला घेतला आणि त्याची रचना ब्रुनेल्लेस्की या थोर वास्तुशिल्पज्ञाकडे सोपवली. शेजारच्या प्रातो गावचा एक व्यापारी, फ्रांचेस्को दातिनी, १४१० साली मरण पावला. त्याने या कामासाठी एक हजार सोन्याची नाणी ठेवून दिली होती. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी पहिले मूल आश्रमात आले. ती मुलगी होती. तिचे नाव ठेवले आगाता स्मेराल्दा. आश्रमाचे नाव 'इनोचेंती', म्हणजे निष्पाप. म्हणून फ्लॉरेन्सकडच्या मुलांची आडनावे झाली इनोचेंती, देल्यिनोचेंती, नोचेंतीनी. ज्या जगाने या मुलांकडे पाप म्हणून पाहिले, त्या जगाला फ्लॉरेन्सने मुलांच्या आडनावातूनच उत्तर दिले. त्या इमारतीच्या कमानींवर निळ्या पार्श्वभूमीवर दुपट्यात गुंडाळलेल्या बाळांच्या पांढऱ्या मूर्ती आहेत. त्या आंद्रेआ देल्ला रोब्बिया या कलाकाराने १४८७ च्या सुमारास घडवल्या. युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने १९८८ साली मुलांविषयीचे आपले संशोधन केंद्र याच वास्तूत सुरू केले.

मिलानमध्ये ज्या रुग्णालयाच्या आश्रयाला ही मुले येत, त्याचे बोधचिन्ह कबुतर होते. कबुतराला इटालियनमध्ये 'कोलोंबा' म्हणतात, म्हणून मुलांना 'कोलोंबो' आडनाव मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशापर्यंत ही रीत चालली. आजही मिलान भागात कोलोंबो हे अतिशय प्रचलित आडनाव आहे. (अमेरिकेला पोहोचलेला कोलंबस मात्र जेनोआचा, एका विणकराचा मुलगा. त्याचा या आश्रमाशी संबंध नाही.)

व्हेनिसची रीत सर्वांहून न्यारी. तेथील 'पिएता' नावाच्या आश्रमात मुलींना उत्तम संगीत शिकवीत. प्रसिद्ध संगीतकार विवाल्दी १७०३ पासून तेथे शिक्षक होता. या मुलींना आडनाव नव्हते, म्हणून त्या जे वाद्य वाजवीत त्यावरून त्यांना ओळखीत. आन्ना मारिया ही अठराव्या शतकातली नामांकित व्हायोलिनवादक. तिला सारे 'आन्ना मारिया दाल व्हिओलिन' म्हणत. ज्या मुलीजवळ बापाचे नाव नव्हते, तिच्या नावापुढे तिची विद्या येऊन बसली. वाचकहो, शिक्षकाला याहून अधिक समाधानाची गोष्ट कोणती असणार?

कायदा हळूहळू जागा होतो

एस्पोझितो या शब्दाचा सल मुलांना पुढे जन्मभर बोचे. शाळेत, चर्चमध्ये, लग्न जमवताना, नोकरी मागताना, नाव उच्चारले की समोरच्याला सर्व कळे. हे अन्याय्य आहे असे राज्यकर्त्यांनाही हळूहळू वाटू लागले. शेजारच्या स्पेनमध्ये हाच शब्द 'एक्सपोझितो' या रूपात होता. तेथील राजा चौथा कार्लोस याने १७९४ साली फर्मान काढले की, अशा मुलांना कायद्याने औरस मानावे आणि त्यांना अपशब्द वापरून हिणवणाऱ्याला शिक्षा व्हावी. नेपल्समध्ये नेपोलियनचा मेहुणा योआकिम मुरात १८०८ ते १८१५ पर्यंत राजा होता. त्याच्या कारकिर्दीत नव्या मुलांना एस्पोझितो हे आडनाव देण्यास मनाई झाली. मग वहीवरचे कारकून प्रत्येक मुलासाठी नवे आडनाव बनवू लागले. ज्यांना आधी ते मिळाले होते, त्यांच्याकडून मात्र ते मुलांकडे आणि नातवंडांकडे जात राहिले.

पुढे चाकेही बंद झाली. मिलानचे १८६८ साली, नेपल्सचे आणि फ्लॉरेन्सचे १८७५ साली. पण चाक बंद झाल्याने रकाना भरत नाही. विसाव्या शतकातही इटलीत दाखल्यावर, ओळखपत्रावर वडिलांचे नाव लिहावे लागे. ज्याला वडील माहीत नव्हते, त्याच्यासमोर 'एन. एन.' अशी दोन अक्षरे लिहीत. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'नाव ठाऊक नाही'. आडनावाचा डाग पुसला, पण त्याच्या जागी दोन अक्षरांचा डाग आला. १९३९ च्या नागरी नोंदणी कायद्याने मुलाच्या जन्माविषयी संशय दाखवणारे आडनाव देण्यास बंदी केली. १९४८ साली अमलात आलेल्या राज्यघटनेने लग्नाबाहेर झालेल्या मुलांचे पालनपोषण व शिक्षण हेही आईबापांचे कर्तव्य ठरवले. १९५५ च्या कायद्याने दाखल्यांवरून वडिलांच्या नावाचा तो उल्लेखच काढून टाकला. १९७५ साली कुटुंब कायदा बदलला आणि २०१२ च्या कायद्याने औरस आणि अनौरस हा भेद संपवून सर्व मुले कायद्यापुढे सारखी मानली.

तारखा पुन्हा एकदा पाहा. मुरातच्या मनाईपासून २०१२ पर्यंत सुमारे दोनशे वर्षे गेली. निरपराध मुलाला निरपराध म्हणायला एका सुसंस्कृत देशाला दोनशे वर्षे लागली. इटलीला हसण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपल्या वर्गातल्या मागच्या बाकावरचे ते हसू माझ्या कानांत आहे, म्हणून लिहितो.

नावाची माणसे

आता या नावाच्या आणि या चाकाच्या माणसांकडे वळू या.

१८५२ च्या जुलै महिन्यात नेपल्समध्ये एक मूल जन्मले आणि दुसऱ्याच दिवशी अनुन्झियाताच्या चाकात ठेवले गेले. मुरातच्या मनाईनंतरचा हा काळ, म्हणून कारकुनाने नवे आडनाव योजले, 'जेनितो', म्हणजे जन्मलेला. पण लिहिण्यात चूक झाली आणि नोंद झाली 'जेमितो'. इटालियनमध्ये त्याचा अर्थ कण्हणे, विव्हळणे! ज्या घरातले मूल नुकतेच वारले होते अशा एका गरीब घराने त्याला नेऊन वाढवले. मुलगा गल्ल्यांतून हिंडता हिंडता मातीच्या मूर्ती करू लागला. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने घडवलेला 'पत्ते खेळणारा मुलगा' लोकांनी वाखाणला आणि १८७७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या 'कोळ्याच्या पोरा'ने नाव कमावले. हा विन्चेन्झो जेमितो पुढे इटलीतल्या मोठ्या शिल्पकारांत गणला गेला. तो १९२९ साली वारला. त्याची शिल्पे बहुतेक रस्त्यावरच्या मुलांची आहेत. ती मुले त्याला परकी नव्हती.

नेपल्सचाच राफाएले एस्पोझितो हा पिझ्झा भाजणारा. १८८९ साली राणी मार्गेरिता नेपल्सला आली असता त्याने तिच्यासाठी टोमॅटो, पांढरे चीज आणि हिरवी तुळस घालून पिझ्झा केला आणि त्याला राणीचे नाव मिळाले, अशी प्रसिद्ध कथा आहे. अलीकडे काही अभ्यासकांनी या कथेच्या पुराव्याबद्दल शंका घेतली आहे. पण त्यामुळे एस्पोझितोचे नाव जगभर पोहोचायचे काही थांबले नाही.

१८८० ते १९२० या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसे पोटासाठी बोटीत बसून एकट्या अमेरिकेत गेली. त्यांत दक्षिणेकडचीच बहुतेक. गळ्यात नसले तरी नावात तो जुना बिल्ला घेऊन एस्पोझितोही गेले. कॅनडातल्या सू सेंट मरी या पोलादाच्या गावात जन्मलेले फिल आणि टोनी हे भाऊ बर्फावरच्या हॉकीचे नामवंत खेळाडू झाले. फिल १९४२ चा. १९६८-६९ च्या हंगामात एका मोसमात शंभराहून अधिक गुण मिळवणारा उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हॉकी लीगमधला तो पहिला खेळाडू. टोनी गोलरक्षक, तो २०२१ साली वारला. अभिनेता जानकार्लो एस्पोझितोचे वडील नेपल्सचे आणि आई अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका.

१९५० साली जन्मलेले रोबेर्तो एस्पोझितो हे आजच्या युरोपातले मान्यवर तत्त्वज्ञ आहेत. त्यांच्या १९९८ च्या 'कोम्युनितास' या ग्रंथाचा विषय काय असावा? समाज म्हणजे काय आणि आपण एकमेकांचे काय देणे लागतो. ज्या आडनावाचा अर्थ 'बाहेर ठेवलेला', त्या आडनावाच्या माणसाने 'आतले कोण' या प्रश्नावर आयुष्य घालवावे, हा योगायोग असला तरी मोठा बोलका आहे.

आणि ज्या पुस्तकापासून आपण निघालो त्याचे लेखक जॉन एस्पोझितो. १९४० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात इटालियन कॅथलिक घरात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते काही वर्षे ख्रिस्ती मठात होते. पुढे त्यांनी इस्लामचा अभ्यास केला, १९९३ साली वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात मुस्लिम-ख्रिस्ती सामंजस्यासाठी केंद्र स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि आधुनिक इस्लामी जगावरील ऑक्सफर्डच्या चार खंडी ज्ञानकोशाचे प्रमुख संपादक म्हणून काम केले. दुसऱ्या धर्माच्या माणसांना समजून घेण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाचे नाव आमच्या कपाटात येऊन पोहोचले, ते असे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आज ज्याचे आडनाव एस्पोझितो आहे, त्याच्या घराण्यात कधीकाळी एखादे सोडलेले मूल असावे, एवढाच तर्क करता येतो. त्यानंतर आठ-दहा पिढ्या घरे झाली, लग्ने झाली, शेकडो आईबापांनी आपल्या मुलांना हे नाव प्रेमाने दिले. मूळ दुःख एका रात्रीचे. पुढचा संसार शतकांचा.

पालक बंधुभगिनींनो, विद्यार्थी मित्रांनो,

या कहाणीतून मी माझ्यापुरता एक निष्कर्ष काढला आहे. लाजेचे कोणतेही नाव मुळात त्या मुलाचे नसते, ते देणाऱ्यांचे असते. चाकात ठेवलेल्या बाळाने काय गुन्हा केला होता? गरिबी मोठ्यांची, भीती मोठ्यांची, प्रतिष्ठा मोठ्यांची, आणि शिक्का मात्र बाळाच्या कपाळी. एस्पोझितोंनी तो शिक्का खरवडून काढण्याची वाट पाहिली नाही. अनेकांनी नाव बदलण्याची मुभा असूनही बदलले नाही. दगड घडवून, भट्टीपुढे उभे राहून, बर्फावर धावून, ग्रंथ लिहून त्यांनी त्या शब्दाचा अर्थच बदलून टाकला. आज नेपल्समध्ये कोणी एस्पोझितो म्हटले तर ऐकणाऱ्याला टाकलेले मूल आठवत नाही, शेजारी आठवतो.

पण सगळा भार मुलांवर टाकून आपण मोकळे व्हायचे का? मुळीच नाही. आपल्या मोहल्ल्यातही अशी मुले आहेत ज्यांना वडील नाहीत, आई नाही, किंवा दोघे असून नसल्यासारखे आहेत. कोणाला नानीने वाढवले, कोणाला मामाने, कोणाला अनाथाश्रमाने. घरात बोलताना आपण त्यांच्याविषयी कोणता शब्द वापरतो, तो आपली मुले ऐकत असतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात घेऊन येतात. मागच्या बाकावरचे हसू मुलाने घरून आणलेले असते. तेव्हा विनंती एवढीच, की त्या मुलाला टाकलेला म्हणू नका. म्हणायचेच असेल तर सिसिलीच्या लोकांप्रमाणे म्हणा, सापडलेला.

माझ्यापुरते म्हणाल तर आता मी जून महिन्यात भर वर्गात कोणालाही वडिलांचे नाव विचारीत नाही. फॉर्म घरी पाठवतो किंवा पालकांना बाजूला बसवून भरून घेतो. तो नानीचा नातू आता दहावीत आहे. त्याचे गणित उत्तम आहे आणि वर्गातली मुले अडलेले गणित घेऊन त्याच्याच बाकाशी जातात. मुलांनी त्याचे नाव पाडले आहे, 'गणितवाला'.

व्हेनिसच्या आन्ना मारियाची गोष्ट मी त्याला एकदा सांगितली. तो काही बोलला नाही, नुसता हसला. ते हसू निराळे होते.